भिकबाळीमागचा ठिपका

मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६
पंचवटी, दुपारी अडीच

चि. शेखर,

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ‘चिरंजीव’ लिहिताना पेन जरा अडखळतं. पण मायना वयावर ठरतो, पदावर नाही. भिलाईच्या पोलादात तू कितीही मोठा साहेब झाला असलास तरी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटाच. बारा वर्षांनी लिहितो आहे. फोन केला असता, पण माझा नंबर तू अडवून ठेवला आहेस, हे तुझ्याच चिरंजीवांनी मला हसत सांगितलं होतं. नंबर अडवता येतो, पोस्टमन येत नाही. आमच्या पिढीचा तेवढाच विजय.

तुझ्या राजबद्दल लिहायचं आहे. घाबरू नकोस. (असं लिहिलं की माणूस घाबरतोच, हे मला कळतं. तरी रीत म्हणून.) आज सकाळी नऊच्या सुमारास तो रामकुंडावर घसरला. पायरीला शेवाळ होतं. डाव्या कानशिलाला लागलं, दोन टाके पडले. चारचौघांसारखं रक्त आलं. घाटावर रोज कोणी ना कोणी पडतं, गंगामाई सगळ्यांना सारखंच पाडते, पुरोहिताचा पुतण्या म्हणून सूट देत नाही.

जवळच्याच एका लहान दवाखान्यात नेलं. आमच्या आधी हरसूलकडचा पुंजा नावाचा माणूस होता, कपाळ फुटून डोळ्यात रक्त उतरलेलं. त्याची बायको साळूबाई दारातूनच ओरडत होती, “दिरानं फावडं घातलं डोक्यात! बांधावरनं भांडान. पडला, डोळं फिरवलं, मंग उठला. लिवा डाक्टर, समदं लिवा!” डॉक्टरीणबाईंनी त्याला हातही न लावता मोठ्या इस्पितळात सीटी स्कॅनला पाठवलं. मला वाटलं, काय ही माणसं! घरातलं असं चव्हाट्यावर मांडतात.

मग आमचा नंबर. कालच परीक्षा पास झाल्यासारखी कोवळी मुलगी. “बेशुद्ध पडला होता? क्षणभर तरी?”

“छे.”

“कशावर आपटला?”

“पायरीवर.”

तिनं राजकडे पाहिलं. राजनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हल्लीची मुलं मोठ्यांपुढे बोलत नाहीत असं नाही, पण आज हा बोलला नाही.

मग एक्स-रे. तंत्रज्ञ म्हणाला, कानातली बाळी काढा. ती आपल्या वडिलांची भिकबाळी. मीच देवापुढे त्याच्या उजव्या कानात घातलेली, घट्ट बसलेली. “कापून काढावी लागेल,” तो म्हणाला. मी म्हणालो, “मग माझं डोकं आधी काप.” तसाच काढला एक्स-रे. बाजूनं घेतलेल्या फोटोत कानाच्या थोडा वर पांढरा ठिपका. “ही तुमची बाळी, काका, बघा कशी मिरवतेय,” म्हणाला. समोरून घेतलेला फोटो राज हलल्यामुळे पुसट आला. दुसरा काढू का, त्यानं विचारलं. मी म्हणालो, नको. हाड कुठेच मोडलेलं नव्हतं. निर्मळ.

तर अशी कथा. राज मधल्या खोलीत पडलाय. वरणभात खाल्ला. तुझ्या वहिनीशी बोलतो, माझ्याशी नाही. तीन वर्षांपूर्वी त्याची आई गेल्यावर तुझ्याशी भांडून तो याज्ञिकी शिकायला माझ्याकडे आला, तेव्हा तू त्याला बजावलं होतंस म्हणे, “त्या घरात हात फार लवकर सुटतात.” मी तेव्हा हसलो होतो.

आत भांडं पडलं. वहिनी हाक मारते आहे. उलटी झाली वाटतं.


बुधवार, ११ फेब्रुवारी
इस्पितळ, सकाळी दहा

शेखर,

कालचं पत्र टाकलं नाही. खिशात आहे. वहिनीला सांगितलं की तुला कळवलंय.

काल मी आत गेलो तेव्हा राज ओकारीत पडला होता. हाक मारली तर म्हणाला, “काका, दिवा लावा ना.” बाहेर लख्ख ऊन होतं. मग डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली. उजवी तशीच. दोन डोळ्यांतून दोन वेगळ्या माणसांनी पाहावं तसं. रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्याचा उजवा हात माझ्या धोतरावर आपटत होता, त्याच्या मर्जीशिवाय. निमाणी बसस्थानकापाशी पोचेतो तोही थांबला.

सीटीला दोन मिनिटं लागली. दोन मिनिटं, शेखर. गायत्रीची एक माळही होत नाही एवढ्यात. तिथे त्यांनी कोणाला न विचारता कात्रीनं भिकबाळी कापली आणि माझ्या हातावर ठेवली. माझं डोकं काही आधी कापावं लागलं नाही.

चित्रं वाचणाऱ्या डॉक्टर आहेत नाझिया म्हणून, चाळिशीच्या. पडद्यासमोर मला उभं केलं. मी आपला सकाळच्या एक्स-रेचा लखोटा पुढे केला. “यात तर सगळं ठीक आहे म्हणाले.”

“काका, तुमच्याकडे अळूवडी करतात ना? उंडा उन्हात धरला तर भिंतीवर काय दिसेल?”

“सावली.”

“तो एक्स-रे. डावं, उजवं, आतलं, बाहेरचं, सगळं एकावर एक. हा सीटी म्हणजे उंडा कापलाय. एकेक काप बघा.”

पाहिला. कवटीच्या आत डावीकडे, भिंग ठेवल्यासारखा पांढरा फुगवटा. ताजं रक्त सीटीत पांढरं दिसतं. मेंदू उजवीकडे रेटला होता. कानशिलाच्या हाडाला केसाएवढी चीर. ते हाड तिथे पापडासारखं पातळ असतं आणि आतून रक्ताची नळी गेलेली असते. फुटली की माणूस पाच-सहा तास जेवतो, बोलतो, वरणभात मागून घेतो. तेवढ्यात आत रक्त साचत राहतं.

न्यायशास्त्रात आम्ही प्रमाणं घोकली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मी बाईंना म्हणालो, म्हणजे तुमचं यंत्र हे प्रत्यक्ष प्रमाण. त्या म्हणाल्या, “नाही. आम्ही आधी माणसाला विचारतो. काय झालं, कशानं झालं, बेशुद्ध होता का. त्यावरून ठरतं कुठलं यंत्र.” म्हणजे शब्द. विश्वासू माणसाचा शब्द.

मग त्यांनी एका कापावर बोट ठेवलं. “आणि हे काय?” मेंदूत, चिरेच्या आत बोटभर, तांदळाच्या दाण्याएवढा झगझगीत ठिपका. त्यातून चारी बाजूंना रेघा फुटलेल्या, दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या. “धातूच अशा रेघा टाकतो. सकाळच्या एक्स-रेतही हा असणार. बाळी उजवीकडे, हा डावीकडे, सावलीत दोघांचा एकच ठिपका. पण पायरीवर पडलेल्या माणसाच्या मेंदूत धातू कुठून आला, काका?”

“पूजेचं ताट होतं बरोबर,” मी म्हणालो. “बघावं लागेल.”

डोक्याचे सर्जन घाईत होते. त्यांनी मला सह्या करायला लावल्या आणि काय करणार ते सांगितलं, भाजी चिरण्याच्या आवाजात. केस काढायचे, कातडी सोलून दुमडायची, कवटीला भोकं पाडून करवतीनं मधला तुकडा काढायचा, रक्त उपसायचं. शेंडी ठेवता येईल का, असं मी विचारलं. हो, मी विचारलं. माणूस काय विचारेल सांगता येत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले.

दोन तासांनी बाहेर आले. रक्त काढलं. तो दाणा मात्र आतच. तिथे हात घातला तर वाचा जाईल म्हणाले.

साळूबाई बाकावर माझ्याशेजारीच होती. पुंजाचंही डोकं उघडलं, पण सकाळीच, वेळेवर, तो आता चहा मागतो. तिनं मला नीट न्याहाळलं.

“तुमचा पोरगा कशानं पडला?”

“पायरीवरून.”

“आस्सं.” तिनं तंबाखू मळली. “पायरीला हात व्हते का?”


शनिवार, १४ फेब्रुवारी
दुपार

शेखर,

दुसरं पत्रही खिशातच आहे. खिसा आता जड झालाय.

राज उठत नाही. गुंगीचं औषध परवा बंद केलं. छाती यंत्रानं वरखाली होते. सीटी पुन्हा काढला. रक्त गेलं, मेंदू जागेवर आला, चित्र सुरेख आहे. माणूस मात्र आत कुठे दिसत नाही. चिमटा काढला की डावा हात जरा हलतो. उजवा नाही.

डॉ. नाझिया म्हणतात, सीटीला हाड दिसतं, ताजं रक्त दिसतं, ते पटकन दिसतं, जीव वाचवायला तेवढं पुरतं. पण मेंदूच्या आतले धागे ताणून तुटले असतील तर सीटी आंधळा. ते एमआरआय दाखवतो. धागे तुटले असतील तर किती, कुठे, हा उठेल की नाही, बोलेल की नाही, ते त्यावरून सांगता येईल. पुढे किती दिवस झगडायचं तेही.

तिथला तंत्रज्ञ कादर, येवल्याचा. बाप पैठणी विणतो, म्हणून याला धाग्यांचं कळतं असं तोच म्हणतो. “काका, सीटी म्हणजे पंचनामा. आला, मोजलं, गेला. एमआरआय म्हणजे उलटतपासणी. पाऊण तास. आणि आत खोटं चालत नाही.”

“का रे बाबा?”

“चुंबक आहे ना. केवढं! मागे एका ताईंच्या केसातली पिन राहिली होती, गोळीसारखी सुटली आणि मशीनला चिकटली. नशीब, मधे कुणाचा डोळा नव्हता. तुमच्या मुलाच्या डोक्यातला दाणा लोखंडाचा असला तर तो आतल्या आत वळणार. वळताना जे मधे येईल ते चिरत जाणार.” त्यानं बोट हवेत फिरवलं.

सीटीला धातू आहे एवढं कळतं, कुठला ते कळत नाही. पितळ असेल तर हरकत नाही. लोखंड असेल तर दार बंद. सगळं त्यावर अडलंय.

तर मी डॉक्टरांना सांगितलं, पायरीवरून पडताना तो हातातल्या घंटेवर पडला. आपल्या घरातली पितळी घंटा, दांड्यावर गरुड असलेली. “बाई, पूजेत लोखंड चालत नाही. चाळीस पिढ्यांचा नियम आहे.”

“घंटा घेऊन या,” त्या म्हणाल्या.

आणली. कादरनं हातातलं छोटं चुंबक तिला लावलं, ते घसरून खाली पडलं. दांड्याला लावलं, घसरलं. मग त्यानं घंटा उलटी केली. “आतला लोळा कुठाय?”

“पडला असेल नदीत.”

“तोपण पितळ?”

“अर्थात.”

कादरनं फॉर्म भरला. ‘धातूचा प्रकार : पितळ. माहिती देणारा : काका.’ मी सही केली. सोमवारी सकाळी साडेदहाला एमआरआय.

तुला ती घंटा आठवत असेल. न आठवून सांगतोस कोणाला! तुझ्या डाव्या भुवईत तिची सही आहे. तू अकरा वर्षांचा होतास, मी सतरा. रुद्र म्हणताना तुझा एक स्वर चढला आणि वडिलांनी म्हणता म्हणताच, मंत्र न तोडता, घंटा फेकून मारली. भुवई फाटली, घंटा दगडी जात्यावर आपटली, आतला लोळा निखळला. तुझं रक्त पाटावर, पाटावरून फरशीवर. वडिलांनी अध्याय पूर्ण केला आणि म्हणाले, संध्याकाळच्या पूजेआधी घंटा दुरुस्त पाहिजे. तू रक्तानं डोळा चिकटलेला असतानाच ती घेऊन गेलास आणि दुरुस्त करून आणलीस. मी नुसता बघत होतो. भाऊ म्हणून माझी तीच कामगिरी.

वडिलांच्या तेराव्याला तू दारात उभा राहून सगळ्यांसमोर म्हणालास, “जनावर गेलं,” तेव्हा मी तुझ्या थोबाडीत मारली. तू खाली पडलास आणि हसलास. “अण्णा, वारसा नीट सांभाळा हं.” तेव्हापासून हे बारा वर्षांचं मौन.

आज एवढंच. उद्या महाशिवरात्र. मी बेल वाहीन, पण घंटेविना.


सोमवार, १६ फेब्रुवारी
दुपारी बारा

शेखर,

राज पडला नाही. मी त्याला मारलं.

हे वाक्य लिहायला मला सहा दिवस लागले.

मंगळवारी कळवणचे लोक आले होते, आईच्या अस्थी घेऊन. आपल्याकडचा रिवाज तुला माहीत आहे. ज्याच्या नामावळीच्या वहीत यजमानाच्या पूर्वजाची सही, त्याचा तो यजमान. मी त्यांना ‘या, तुमचं घराणं आमच्याकडेच’ म्हणून बसवलं. खोटं होतं ते. वही न उघडताच मला माहीत होतं. राजनं वही उघडली. यजमानांसमोर म्हणाला, “काका, हे गाव आपल्याकडे नाही. यांच्या पणजोबांची सही पलीकडच्या घरात असणार. चला, मी तुम्हाला तिथे सोडतो.” तो खरंच सोडून आला. परत आला तेव्हा पलीकडचे लोक हसत होते आणि मी घाटावरच्या आपल्या खोलीत घंटा पुसत होतो.

“मला वेद शिकायला पाठवलं होतं की वकिली?” मी म्हणालो.

“तुम्हीच शिकवलंत, सत्य बोलावं म्हणून.”

“शिकवलं ते म्हणायला.”

तो हसला, शेखर. तुझ्यासारखाच. म्हणाला, “चिडलात की तुम्ही अगदी फोटोतल्या आजोबांसारखे दिसता. बाबा खोटं नव्हते सांगत.”

हातात घंटा होती. पहिला घाव घंटेच्या काठाचा बसला आणि ती वाजली. माणसाच्या डोक्यावर वाजली तरी आवाज तोच येतो. त्यानं हात वर केला, डावा, कोपर पुढे काढून, डोकं झाकायला. मी तो हात माझ्या डाव्या हातानं खाली ओढला. मग दुसरा घाव घातला. पहिल्याला राग म्हणता येईल. दुसऱ्याला माझ्या कोशात शब्द नाही. दुसऱ्या वेळी ती वाजली नाही, आत काहीतरी तुटलं आणि घंटा मुकी झाली.

तो खाली गेला. डोळे पांढरे. हातपाय झटकत होते, कोंबडीसारखे. मी आधी दार लावलं, मग त्याच्याकडे वळलो. हा क्रम नीट वाच. आधी दार.

तीनेक मिनिटांनी तो शुद्धीवर आला. “काका, काय झालं?” म्हणाला. “घसरलास,” मी म्हणालो. आणि दवाखान्यात त्या मुलीनं विचारलं तेव्हा तो माझ्याकडे का बघत होता, ते कळलं ना? त्याला आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. मान खाली घातली तेव्हा आठवलं असावं.

आता घंटेचं. जे फक्त तुला आणि मला माहीत आहे. लोळा पितळेचा होता. पण त्या दिवशी तुला पितळी तार कुठे मिळणार? तू आडगावकडच्या एका द्राक्षबागेच्या मांडवाची वीतभर तार तोडून आणलीस, लोखंडी, आणि तिनं लोळा बांधलास. वर शाळेच्या नाटकातल्या मुकुटाचा सोनेरी रंग फासलास. वडिलांनी विचारलं, “पितळ ना?” तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, “पितळच.” आयुष्यातली माझी पहिली साक्ष. चाळीस वर्षं आपण देवाला लोखंड वाजवून दाखवलं आणि त्यानं एकदाही तक्रार केली नाही, म्हणून मला वाटलं की लोखंडाचं पितळ झालं.

मंगळवारी दुसऱ्या घावाला ती तार तुटली. लोळा फरशीवर पडला, तारेचा आखूड तुकडा अजून त्याला अडकलेला. उरलेलं टोक कुठे गेलं ते मी सीटीच्या पडद्यावर पाहिलं. लोळा नदीत पडला नव्हता, शेखर. तो माझ्या उपरण्याच्या टोकाला बांधलेला होता. सहा दिवस. शनिवारी कादर ‘आतला लोळा कुठाय’ म्हणाला तेव्हाही. खरं सांगितलं तर पोलीस येतील हे मला माहीत होतं. आणि खोटं सांगितलं तर चुंबक त्याचा मेंदू आतून चिरेल हेही माहीत होतं. दोन्ही माहीत असून मी सही केली. शनिवारची अख्खी दुपार मी स्वतःला समजावलं की एवढासा तुकडा, काय वळणार? काल दिवसभर शिवाला तेच विचारत होतो. तो काय बोलणार? त्याच्यापुढे मी चाळीस वर्षं साक्ष देत आलोय.

आज साडेदहाला राजला ढकलगाडीवर त्या खोलीच्या दाराशी आणलं. आतून यंत्राचा आवाज, लोहाराच्या भात्यासारखा. कादर प्रत्येक माणसाला विचारतो तसं त्याच्याकडेही वाकून म्हणाला, “राजभाऊ, अंगात लोखंड नाही ना?” सवय. मग बेशुद्ध माणूस कुठून बोलणार, हे लक्षात येऊन त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. “काका, तुमचा शब्द.”

गाडीचं पुढचं चाक उंबऱ्यावर होतं.

मी म्हणालो, “थांब.”

उपरण्याची गाठ सुटेना. दातांनी सोडवली. लोळा त्याच्यापुढे धरला. त्यानं खिशातलं चुंबक जवळ नेलं आणि तारेनं ते हातातून ओढून घेतलं. टक्. एवढाच आवाज. कादरनं गाडी अशी मागे खेचली की ती भिंतीवर आपटली. मग त्यानं माझी गचांडी धरली. माझ्या निम्म्या वयाचा पोरगा. भिंतीला दाबून म्हणाला, “सही केली होतीत तुम्ही! सही!” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला हात लावला नाही, हे पुण्य म्हणून सांगत नाही.

डॉ. नाझिया आल्या. मी सगळं सांगितलं, आता वर लिहिलं तसंच, आधी दार लावलं त्यासकट. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “बेशुद्ध पडला होता, एवढं एक वाक्य मंगळवारी सकाळी बोलला असतात, तर पहिला सीटी दहापर्यंत झाला असता. आणि तुम्ही त्याला दुपारी चारला आणलंत.”

मी उपरण्याचं चुरगळलेलं टोक सरळ करत राहिलो.

“यंत्र काय करणार, काका,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.


त्याच दिवशी, दुपारी चार

एमआरआय आता होणार नाही. डोक्यात लोखंड असेतो कधीच नाही. राज उठेल की नाही, हे आता कुठलंच यंत्र सांगू शकत नाही. वाट बघायची, म्हणतात सर्जन.

सकाळी वहिनीला कळलं की मी तुला काही कळवलंच नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, फोन उचलला. तिचा नंबर तू अडवलेला नाहीस, हेही मला आजच कळलं. तू दुर्गहून गाडीत बसला आहेस. उद्या नाशिकरोडला ती तुला घ्यायला येईल आणि हा गठ्ठा तुझ्या हातात देईल. पहिली तीनही पत्रं तशीच ठेवली आहेत, न खोडता. त्यांत मी काय काय लपवलं ते तू वाच. चौकशीत उपयोगी पडेल.

मी स्टेशनवर नसेन. भिमाजी हवालदार बाहेर बसला आहे. मंगळवारी त्यानंच माझा जबाब घेतला होता, ‘शेवाळावरून घसरून.’ आज तोच पुन्हा लिहिणार. “गुरुजी, पत्र होऊ द्या तुमचं, घाई नाही,” म्हणाला. मुंज मीच लावली होती त्याच्या मित्राची.

साळूबाई जिन्यात भेटली. पुंजाला उद्या सोडणार. दीर लॉकअपमध्ये आहे. “यो वर, त्यो आत. दोघांचा डबा मीच करत्ये,” म्हणाली. माझा डबा वहिनी करील का, हे मी विचारलं नाही.

निघण्याआधी त्याला बघू का, असं मी डॉ. नाझियांना विचारलं. त्यांनी बराच विचार केला. मग माझ्याबरोबर आत आल्या आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या, पहाऱ्यावर.

शेंडी नाही. टाळूवर टाके, ओळीनं, नामावळीच्या वहीच्या शिवणीसारखे. नळीतून श्वास. मी त्याच्यावर वाकलो आणि हाक मारली, “राज.”

पापण्या थरथरल्या. उघडल्या. बाहुल्या दोन्ही सारख्या. इकडेतिकडे भटकल्या, बाईंवरून गेल्या, छतावरून गेल्या आणि माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबल्या. थांबल्याच.

मग त्याचा डावा हात चादरीतून वर आला. हळूहळू, जड. कोपर पुढे काढून. आणि डोक्यावर आडवा झाला.

डॉ. नाझिया माझ्याकडे न बघता नर्सला हाक मारत बाहेर पळाल्या. “बघितलं? ओळखलं त्यानं! माणूस ओळखला!” त्यांचा आवाज आनंदानं फाटला होता. सहा दिवस सगळे ज्याची वाट बघत होते ते झालं होतं. तुझा मुलगा जागा आहे, शेखर. त्याला सगळं आठवतं.

मी दोन पावलं मागे सरलो. हात तसाच वर. चार पावलं सरलो. तसाच. दाराबाहेर आलो आणि काचेतून पाहिलं, तेव्हा कुठे त्यानं तो खाली घेतला.

— अण्णा